पाडव्याआधी उडवलेलं कबूतर

आप्पा,

बहिरी ससाणा मी बघितला होता. तुम्ही तेव्हा विचारलंत, "दिसला न्हाई तुला?" आणि मी म्हणाले, ऊन डोळ्यावर आलं. ऊन आलं नव्हतं. सूर्य माझ्या पाठीमागं होता, ससाणा पंचगंगेच्या अंगानं आला, आणि तो ठिपका होता तेव्हापासून मी त्याच्याकडं बघत होते. हे पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे ही पोरगी आता रडेल, आता माफी मागेल, अशी वाट बघत तुम्ही बसणार नाही. कबुतरासाठी मी माफी मागणार नाही. तेव्हा तेरा वर्षांची होते, आता अठ्ठावीसची आहे. मधल्या सगळ्या वर्षांत मी हे उलटंपालटं करून बघितलंय, त्या कबुतरापुरतं माझ्या पोटात काही हलत नाही. हलतं ते एका माणसासाठी, आणि तो माणूस आज दिवसभर गडमुडशिंगीच्या पुढच्या माळावर माझ्या शेजारी पोतं अंथरून बसला होता. तुमचा दोस्त. दोन घरं सोडून ज्यांच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ होती, ते काका. ज्यांना तुम्ही चोर म्हणालात आणि चोर समजूनच मेलात.

तुम्हाला हे सगळं माहीत आहे असं तुम्हाला वाटतंय. पण पेठेत ही गोष्ट कायम तुमच्याच तोंडून सांगितली गेली, आज माझ्या तोंडून ऐका. आपल्या गच्चीवर पत्र्याची आणि जाळीची ढाबळ होती, तीत तीस-एक गिरेबाज कबुतरं. उद्यमनगरातून लेथवरची ड्युटी संपवून आलात की हातपाय धुवायच्या आधी तुम्ही वर जायचात. स्वयंपाकघरात कट्ट्यावर एका वाटीत कबुतरांसाठी बदाम भिजत घातलेले असायचे आणि आई रोज एकदा म्हणायची, "पोरीला कदी बदाम दिलासा व्हय?" मग तुम्ही वाटीतला एक उचलून माझ्या हातावर ठेवायचात, एकच, आणि आईकडं बघायचात, झालं समाधान म्हणून. मॅच असली, म्हणजे कुणाचं कबूतर जास्त वेळ वर राहतं ते बघायची, की मला पाण्याच्या टाकीवर उभं करायचात, ससाण्यावर लक्ष ठेवायला. चुलत भाऊ तीन होते, पण तुम्ही म्हणायचात, "ही पोरं गच्चीवर चढली तरी खाली फुटबॉल बघत्यात. ही आभाळ बघती." ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. कारखान्यातून तुम्ही मला गॅस वेल्डिंगच्या गॉगलची हिरवी काच आणून दिली होती, कडा घासून गुळगुळीत केलेली, कारण ससाणा सूर्याच्या आडून येतो आणि नुसत्या डोळ्यांनी तिकडं बघवत नाही. माझ्या मैत्रिणींच्या बापांनी त्यांना बांगड्या आणल्या, घड्याळं आणली. मला तुम्ही सूर्याकडं बघायची काच आणलीत. असं कुणी कुणाला काही दिलेलं मी नंतरही बघितलं नाही.

कबूतरवाल्यांचा एक कायदा होता, कुणी लिहिलेला नाही, पण सगळे पाळायचे. दसऱ्याच्या आगेमागे उत्तरेकडून ससाणे, भोवत्ये, गरुड खाली येतात आणि गुढीपाडव्यापर्यंत परत जातात. ते गेल्याशिवाय मॅच लावायची नाही. खालच्या गल्लीतल्या कुणीतरी तुम्हाला शिवरात्रीच्या आठवड्यात डिवचलं, तुझं कबूतर काय, पाडवा झाल्यावर कुणीबी उडवतंय. काका आपल्या उंबऱ्यात येऊन म्हणाले, "थांब की महिनाभर. वर अजून बहिरी फिरायलाय, मी परवाच बघितलाय." तुम्ही म्हणालात, "तुला भ्या वाटतंय तर तुजी नको सोडू." आणि रविवारी सकाळी पंचांनी तुमच्या सगळ्यात लाडक्या कबुतराच्या पंखावर जांभळा शिक्का मारला आणि तुम्ही ते सोडलंत.

मी टाकीवर उभी आहे. दहा वाजून गेलेत. पंच आणि तुम्ही खाली चहाला गेलाय. कबूतर इतकं वर आहे की ते दिसत नाही, ते तिथं आहे हे फक्त मला ठाऊक आहे. तेवढ्यात नदीच्या बाजूनं दुसरं काहीतरी येतं. पंख मारत नाही. कबुतराच्याही वर जातं, थांबल्यासारखं होतं, आणि मग पंख मिटतं. उडणारी गोष्ट उडायचं बंद करते आणि तरीही आणखी वेगानं येते, हे मी पहिल्यांदाच बघत होते. ससाणा दिसला की ओरडून तो बुजवायचा हे ठरलेलं होतं, कसं ओरडायचं तेही तुम्ही शिकवलं होतंत, तोंडाला दोन्ही हात लावून. माझे हात वर गेले सुद्धा. पण ओरडले असते तर ते बिघडलं असतं. तुम्हाला याहून चांगलं कारण पाहिजे असेल तर माझ्याकडं नाही. थोडी पिसं मागं हवेतच राहिली, खाली यायची घाई नसल्यासारखी, आणि बहिरी कोपऱ्यावरच्या मोबाइल टॉवरवर जाऊन बसला.

दर तासाला कबूतर एकदा पंचांच्या नजरेला पडावं लागायचं; अकरा वाजता ते दिसेना. सगळी गल्ली माना वर करून उभी. काका आपल्या गच्चीवर आले, ढाबळीतून एक मादी काढली आणि ती हातात धरून फडफडवायला लागले. वाट चुकलेलं कबूतर मादी बघून खाली उतरतं, आणि दुसऱ्याचं पळवायचं असलं तरी हीच युक्ती, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. दोस्ताचं कबूतर खाली यावं म्हणून ते करत होते. तुम्हाला ते दिसलं आणि तुमचा चेहरा बदलला. "माजं कबूतर उतरवायलास व्हय रं?" काका तिकडून म्हणाले, "उतरवायलोय की. तुज्यासाठीच उतरवायलोय." "मग मादी तुज्या हातात कशी?" मग तुम्ही माझ्याकडं वळून विचारलंत आणि मी ऊन सांगितलं. "मग काच काय खेळायला दिलीवती?" म्हणून ती हिरवी काच माझ्या हातातून काढून घेतलीत. पुन्हा दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाच-सहा माणसं घेऊन तुम्ही त्यांच्या गच्चीवर गेलात आणि त्यांच्या एकेका कबुतराचा पंख उचलून शिक्का शोधलात. काका बादली पालथी घालून तिच्यावर बसले होते. काकूंनी चहा केला. चोर शोधायला आलेल्यांना चहा. कुणी घेतला नाही. शिक्का सापडला नाही, तर तुम्ही म्हणालात, पंख कापून गावाला पाठवलं असंल. मंगळवारी शाळेतून येताना टॉवरखाली मला तो पंख सापडला, जांभळ्या शिक्क्यासकट. दोन दिवस दप्तराच्या तळाशी ठेवला. तुमच्यासमोर नेऊन टाकला असता तर तिथंच सगळं मिटलं असतं. पण तुमचा हात मला माहीत होता, तेव्हा तो पंख मी गटारात टाकला. त्या आठवड्यात काकांनी आपली सगळी कबुतरं वाटून टाकली. दोन वर्षांनी तुम्ही दवाखान्यात तीन दिवसांत गेलात. तुम्हाला उचललं तेव्हा काका पुढं आले होते, चुलत्यांनी त्यांना खांदा देऊ दिला नाही. ते गल्लीच्या तोंडापर्यंत सगळ्यांच्या मागून चालले आणि तिथंच उभे राहिले.

आता तुमचं ऐकवते. तुम्ही मला एकदाच विचारलंत. दुसऱ्यांदा का विचारलं नाहीत? वीस वर्षांपासूनचा दोस्त चोर निघतोय आणि तुम्ही पोरीला कोपऱ्यात घेऊन, खरं सांग, असं म्हणत नाही? मला वाटतं तुम्हाला ऐकायचंच नव्हतं. बहिरीनं नेलं म्हटलं असतं तर पाडव्याआधी उडवल्याची चूक तुमची झाली असती, आणि ती ज्यानं आधीच सांगितली होती त्याच्यासमोर कबूल करावी लागली असती. चोरी म्हटलं की चूक त्याची. माझं खोटं एका वाक्याचं होतं. त्याच्यावर मजले चढवलेत ते तुम्ही. सगळं माझ्या डोक्यावर घेऊन मी अजून पंधरा वर्षं चालणार नाही.

मी आता राजारामपुरीत एका क्लासला शिकवते आणि उरलेल्या वेळात लिहिते. दोन-चार गोष्टी छापून आल्यात. काकांनी एक वाचली आणि म्हणाले, "काय कळंना बग. पर टाइप लई बारीक हुता, त्येनंबी आसंल." गेल्या हिवाळ्यात मी दुर्बीण गळ्यात घालून स्कूटर काढत होते, ते ओट्यावर बसले होते. कुठं, काय बघायला, सगळं विचारलं. म्हटलं, माळावर भोवत्ये येतात, हिवाळ्यात येणारे शिकारी पक्षी, संध्याकाळी गवतात झोपायला उतरतात, ते मोजायचे असतात. ते म्हणाले, "मला न्हे की एकदा. घरात बसून मान खालीच राहिली." तेव्हापासून चार वेळा नेलंय. त्यांची नजर माझ्या दुर्बिणीच्या पुढं चालते. मी अजून फोकस करत असते आणि ते म्हणतात, "घार हाय गं, सोड." आपल्या घरी कुणाला सांगितलेलं नाही. दर वेळी जाताना ठरवायचे, आज सांगायचं. दर वेळी न सांगता यायचे. गेल्या महिन्यात त्यांच्या छातीची तपासणी झाली, तेव्हापासून जिना चढताना मधे बसतात. म्हणून आज निघतानाच मनाशी म्हणाले, आज नाही तर मग तू आपल्या बापाचीच पोर.

सकाळभर फार काही नव्हतं. चंडोल, भोरड्यांचा एक मोठा थवा, हवेत एका जागी पंख मारत थांबलेली खरुची. काका भडंग खात होते आणि मला पक्ष्यांची नावं विचारून ती नापास करत होते. "खरुची? हे काय नाव हाय? ह्येच्यापरीस हवेतला पोलीस म्हना." दुपारी खालच्या जुन्या विहिरीतून पारव्यांचा थवा वर आला, गोल फिरला, आणि काकांचा हात माझ्या कोपरावर पडला. "वर बग. वर. आजून वर." होता. बहिरी. पंख मिटले तसे काका गुडघे विसरून उठले, तोंडाला दोन्ही हात लावले आणि असे ओरडले की खाली शेळ्या राखणारी बाई चमकून बघायला लागली. कुणाचे पारवे, कुणाची विहीर, त्यांचा काय संबंध. पण ओरडले. थवा फुटला, बहिरी मधून रिकामा निघून गेला आणि काका हसत माझ्याकडं वळले. माझ्याकडं बघता बघता त्यांचं हसू गेलं.

"तू का वरडली न्हाईस?"

"त्यालापण पोट असतंय, काका."

"त्ये सोड. तू तवाबी आशीच हुबी हुतीस का? टाकीवर?"

मी गाडीवर, रस्त्यात, चहाच्या टपरीवर, किती ठिकाणी हे बोलायचं ठरवलं होतं. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. त्यातलं एकही लागलं नाही. मी हो म्हणाले. मग ते एकेक विचारत गेले आणि मी हो म्हणत गेले.

"म्हंजी बहिरीनंच न्हेलं."

"हो."

"आनि तू बगितलंस."

"हो."

"आनि त्यो माज्या ढाबळीत घुसून पंख उचकटत हुता, तवा तुला म्हाईत हुतं."

"हो. शिक्क्याचा पंख पण मला सापडलेला, काका. टाकून दिला."

ते पोत्यावर खाली बसले. दोनदा बसायला गेले आणि तिसऱ्यांदा बसले. मी म्हणाले, मी तेरा वर्षांची होते. ते म्हणाले, "म्हाईत हाय मला तू केवड्याची हुतीस. तुज्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आता तुला काय पायजे माज्याकडनं? शाबासकी का माफी? दोन्ही न्हाई." मी म्हणाले, काही नको. तेव्हा कुठं त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि जे विचारलं ते मी कधी ठरवून ठेवलेल्या बोलण्यात धरलंच नव्हतं.

"तुज्या बापाला कळलं का? मरायच्या आदी?"

आप्पा, मी त्यांना नाही म्हणू शकले असते. खरं तेच होतं. ते टोपी हातात घेऊन बसले होते, टोपीची घडी उलगडत होते, घालत होते. मी हो म्हणाले.

"कवा?"

"दवाखान्यात. आदल्या दिवशी. मी सांगितलं."

"मग? काय म्हनला?"

"म्हणाले, त्याला बोलव."

"मग?"

"मी बोलवलं नाही. तुम्ही आलात की सगळ्यांना कळलं असतं. भ्याले."

"भवाने," एवढंच म्हणाले, हळू, शिवी देण्याइतका पण जोर न लावता. मग उठून दहा-पंधरा पावलं पलीकडं गेले आणि माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. वारा माझ्याकडं होता म्हणून मला ऐकू आलं. "बोलीवलं हुतं मला त्यानं," ते गवताला सांगत होते. "बोलीवलं हुतं की."

ऊन कलल्यावर भोवत्ये यायला लागले. एकेकटे, बुटक्या गवतावरून तरंगत, एकमेकांकडं न बघता, दिवसभर कुठं होते ते कुणालाच न सांगता. मला वाटलं काका आता घरी चल म्हणतील. ते परत आले आणि म्हणाले, "आलोय तर मोजून जाऊ. वडाकडचं मी बगतो, तू खानीकडचं बग." अंधार पडेपर्यंत ते मला फक्त आकडे सांगत होते. अकरा. बारा. त्यो धरला का? त्यो मगाचाच हाय. वहीत मी लिहीत होते आणि माझं अक्षर सरळ येत होतं, याचा मला रागही आला आणि बरंही वाटलं. येताना स्कूटरवर ते मागचं कॅरिअर धरून बसले. उचगावजवळ एकदा म्हणाले, "सावकाश."

तर आता ऐका. दवाखान्यात मी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी तुम्ही मला एवढंच म्हणाला होतात, "फॅन बारीक कर," आणि मी केला. "त्याला बोलव" हे वाक्य मी माळावर बसून तयार केलं आणि तुमच्या तोंडी घातलं. तुम्ही ते म्हणाला असतात की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं म्हणाला नसतात. पण तुमचं एक खोटं त्या माणसानं इतकी वर्षं वागवलं, माझं हे एक खोटं उरलेली वर्षं वागवू दे. यात मीच वाईट ठरले आणि तुम्ही चांगले ठरलात, तेव्हा तुमची काही तक्रार असायचं कारण नाही. खोडायचं असेल तर या आणि त्यांच्यासमोर खोडा. मी त्यांना पुढच्या रविवारी पुन्हा नेणार आहे, ते आले तर. घरीपण सांगणार आहे. चुलत्यांना सांगणार आहे की खांदा द्यायचा हक्क त्या दिवशी सगळ्यात जास्त कुणाचा होता.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, पाठवायला जागाही नाही. मग रात्री जेवायचं सोडून कशाला लिहीत बसले, तर दारात उतरताना काकांनी अजून एक विचारलं. टोपी घातली, दोन पायऱ्या चढले, थांबले आणि म्हणाले, "कसा म्हनला गं? म्हंजी चिडून म्हनला, का बारीक आवाजात?" मी म्हणाले, उद्या सांगते, काका, आता उशीर झालाय. त्यांना वाटलं मला रडू येतंय. मी तेव्हापासून प्रयत्न करतेय. तुमचे शब्द सगळे आठवतात, वर लिहिलेत तसेच्या तसे, एकही इकडचा तिकडं नाही. तुमचा आवाज मला आठवत नाही.